कढईपाशी फोन उचलत न्हाय

येडशी, गुरुवार

रणधीर बाळा,

तीन दिवस तुझा फोन उचलला न्हाय, म्हणून आई रुसली म्हणत असशील. तसं न्हाय. सोमवारी तू पुण्याहून दूधधंद्याचं भविष्य सांगत बसलास. "आई, डेअरीचा भाव अजून पडणार. म्हशी काढून टाक, गुरुवारी व्यापारी येतोय." म्या ऐकत ऱ्हायले, हातातलं उलथणं थांबलं आन् कढईभर खवा करपला.

व्हय, खवा. आठ दिवस झाले, डेअरीला दूध घालत न्हाय, घरीच आटवते. तुला बोलले न्हाय, कारण पहिला खवा रबरासारखा झाला व्हता. मंगळवारचा मात्र रामलिंगाच्या वाटंवरच्या पेढेवाल्यानं बोटांत चोळून बघितला आन् म्हणाला, "मावशी, रोज आणत चला."

दुधाचा भाव पडंल, तुझं खोटं न्हाय. पण तो भाव डेअरीवाला सांगायचा आन् म्या मान हलवायची. खव्याचा भाव म्या सांगितला, मान त्यानं हलवली.

आज तुझा व्यापारी आला. चहा पाजला, खवा चारला आन् रिकाम्या टेम्पोनं वाटंला लावला. म्हशी दावणीलाच हायेत.

कढई उतरवून लिहायला बसले, तर हाताच्या तुपानं कागद आरपार दिसाय लागला. असलं पत्र टपालानं कसं धाडू? उद्याच्या एसटीनं खव्याच्या डब्यातच घालून धाडते. डब्यात सोमवारच्या कढईतला एक काळा तुकडाबी ठेवलाय. तो आधी खा, तुझाच हाय.

तुझी आई,
तुळजाबाई