ताडून पाहायची सवय

३ तारीख, सोमवार
आले एकदाची नर्सच्या नव्या कामावर! घर ऐसपैस, माझी खोली आजींच्या खोलीला लागून, वरच्या मजल्यावर. आजी म्हणजे साहेबांच्या आई. संधिवाताने दोन वर्षं अंथरुणाला खिळल्यात. साहेबांनी बजावलं, रोज सगळे सांधे तपासून वहीत लिहायचे. मनात म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ!

आधी नुसतं बघायचं, सूज, लाली. मग हाताच्या मागच्या बाजूने ऊब. मग हळूच हलवायचं, करकर लागते का. शेवटी कोनमापक लावून सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं. आणि दुखरी बाजू कायम चांगल्या बाजूशी ताडायची. आजींच्या तर दोन्ही बाजूंचं मातेरं झालंय. मग ताडायचं कशाशी? स्वतःशी! माझी जुनी सवय. आजींचा गुडघा साठ अंश वाकला, माझा एकशे चाळीस. आजी म्हणाल्या, नशीबवान आहेस गं पोरी.

५ तारीख, बुधवार
आजींचा गुडघा ऐंशी! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. धाकट्या बहिणीला फोन करून भरपूर फुशारकी मारली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सगळं मीच शिकवलंय तिला, स्वतःशी ताडायची ही सवयसुद्धा. माझा गुडघा एकशे वीसच भरला. जिना चढून आखडला असेल.

८ तारीख, शनिवार
आजी काठीशिवाय संडासापर्यंत गेल्या. एकशे दहा. माझा नव्वद. सूज नाही, ऊब नाही, दुखतही नाही, नुसता वाकत नाही. मागची पानं काढून बघितली. दोघींची बेरीज दर वेळी दोनशे. त्यांचं वाढतं तेवढंच माझं घटतं. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

१० तारीख, सोमवार
स्वतःला मोजणं बंद केलं. तर आज आजींनीच कोनमापक हिसकावून घेतला. माझं मनगट मोजलं, मग स्वतःचं. मग एकेक बोट. मी हात ओढत होते, पण काय ती पकड! साहेबांना म्हटलं, मला जाऊ द्या. ते वहीतले आकडे बघत राहिले. म्हणाले, आईला किती दिवसांनी चालताना बघतोय, आता अर्ध्यावर सोडू नका. माझा फोन काढून घेतला. जिना मला उतरवत नाही. भीती वाटते. खूप.

१२ तारीख, बुधवार
उजवी बोटं मिटत नाहीत. डाव्याने लिहितेय. आज जबडा — तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत. माझ्या एकही — आजी भलीमोठी जांभई देताहेत. आई गं —

१४ तारीख, शुक्रवार
धाकटीला बोलावलंय साहेबांनी. ताई आजारी आहे म्हणून. नको — बोलता येत नाही — कसं सांगू — इथेच लिहून ठेवते. मला मोजू नकोस. हात लावू नकोस. पळ.

१५ तारीख, शनिवार, दुपार
आली. रडली. मग मी शिकवलं तसंच — आधी बघितलं, मग ऊब — वही पुढे करणार तेवढ्यात तिने माझा उजवा हात हातात घेतला. म्हणाली, दोन्ही बाजू गेल्यात गं ताई, माझ्याशीच ताडते.

अंगठा वाकला. माझा.

मग बोटं. पेन उजव्या हातात घेतलंय. अक्षर किती सुरेख येतंय! आता ती जबडा बघतेय. सैल होतोय. हाक मारता येईल आता. तिला थांबवायलाच हवं, मी वाढवलंय त्या पोरीला.

ती स्वतःचं मनगट चोळतेय. गुडघा राहिलाय. एवढा गुडघा होऊ दे, मग लगेच सांग—