डुलती खुर्ची, तिच्या दोन कमानी व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणतात, कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकट्या भावाने सकाळपासून दोनदा "काय लिहितेस?" असे विचारले, त्याला मी दडपण धरत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की आमच्या वडिलांनी ते लिहिले नव्हते. बाबांचा सामान हलवण्याचा ट्रक होता. सगळ्या गावाचे संसार त्यांनी या घरातून त्या घरात नेले, कपाटावरून भावाभावांच्या मारामाऱ्या होताना पाहिल्या, आणि तरी आमच्याविषयी म्हणत, "दोघंच तर आहेत, भांडतील कशाला?"

कलम १. माझे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात धाकट्याला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलावी, मग ढकलावी. हे मी त्याला समक्ष दाखवले आहे. तरी तो आधी ढकलणारच, म्हणून काच बदलण्याचा खर्च त्याचा त्याने करावा.

कलम २. बँकेतली ठेव भाचा व भाची, म्हणजे धाकट्याची मुले, यांना निम्मी निम्मी. पैशाचे एक बरे असते, त्याचे निम्मे होऊ शकते.

कलम ३. माझी घडीची शिडी वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी "लगेच आणून देते" म्हणून नेली, ती अजून लगेच आलेली नाही. ती मी त्यांना दिली असे समजावे. निदान मी गेल्यावर तरी त्यांनी माझी नजर चुकवत जिना उतरू नये.

कलम ४. डुलती खुर्ची. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी एका वाक्यात लिहायला सांगितले होते, पण त्यांना ही खुर्ची माहीत नाही.

खुर्ची शंभर वर्षांहून जुनी असावी. सागवानी, बैठक आणि पाठ वेताची, हात इतके रुंद की त्यावर कपबशी आरामात राहते. एका निवृत्त न्यायाधीशांचे सामान बाबा त्यांच्या नव्या घरी नेत होते. तिथल्या दारातून ही खुर्ची आत जाईना. आडवी केली, उलटी केली, न्यायाधीशांनी उभे राहून हुकूम सोडले. दार काही बधले नाही. शेवटी ते बाबांना म्हणाले, "तुम्हीच घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोर नको."

आमच्या दारातून मात्र ती माप देऊन करून घेतल्यासारखी आत आली. मग कळले की तिच्यात बसायला एक माणूस पुरतो, पण तिला डुलायला अर्धी खोली लागते. जेवणाचे टेबल भिंतीला चिकटले, आईचे शिलाई मशीन गॅलरीत गेले, आणि आम्ही भावंडे तिच्या मागून जाताना पाय जपून टाकायला शिकलो. धाकटा जरा उशिरा शिकला. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा अजून चपटा आहे.

बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या. भांडीकुंडी, गाद्या, ट्रकचे पैसे, सगळे विनातक्रार झाले. राहिली खुर्ची. धाकटा म्हणाला, तिच्यासाठी त्याने अंगठा दिला आहे. मी म्हटले, बाबांच्या आजारपणात त्यांना रोज तिच्यात बसवायला आणि उठवायला मी होते. मामा मध्यस्थ होते. दुपारपर्यंत त्यांनी ऐकून घेतले, मग त्यांना भूक लागली. "एवढं असेल तर अर्धी अर्धी करून घ्या," म्हणाले.

मामा वैतागून बोलले होते, धाकट्याने तो निकाल समजला. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, खुर्ची उलटी केली आणि जिच्यावर ती डुलते त्या खालच्या दोन कमानी सोडवून काखोटीला मारल्या. "ही माझी अर्धी."

भावजय दारातच होती. "अहो, ही दोन लाकडं घेऊन आपण करायचं काय?"

"ठेवायची."

त्यानंतर एकोणीस वर्षे आम्ही एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहिलो आणि बोललो नाही. त्याने कमानी बैठकीत सोफ्याच्या वर टांगल्या. पाहुण्यांनी विचारले की त्या एका जुन्या नावेच्या फासळ्या आहेत असे सांगायचा. हे मला भावजयीने सांगितले. तिने येणे-जाणे कधी तोडले नाही. आली की उभ्याउभ्याच माझ्या औषधांच्या गोळ्या डबीत लावून द्यायची, आणि "यांना माहीत नाही मी इथे आहे" असे म्हणायची. त्याला माहीत होते.

इकडे बिनकमानीची खुर्ची माझ्याकडे. मागचे पाय आखूड, त्यामुळे ती कायम छताकडे तोंड करून असायची. तिच्यात बसणे सोपे, उठणे म्हणजे विहिरीतून वर येणे. मी तत्त्वासाठी रोज बसत होते.

गेल्या वर्षी एका दुपारी बसले आणि उठता येईना. हात रेटून पाहिले, कुशीवर वळून पाहिले, खुर्चीला दोन शब्द सुनावले. शेजारी कोणी नव्हते. फोन हाताशी होता. जन्मभर लोकांचे नंबर जोडून दिले. त्या दुपारी मला एकच नंबर आठवला, आणि तो मी कधी जोडला नव्हता.

"कोण?" धाकट्याचा आवाज.

"मी बोलतेय."

"काय झालं?"

"खुर्चीतून उठता येत नाही."

"मग बसलीस कशाला?"

"खुर्चीत माणूस बसतोच."

"कमानी असत्या तर पुढे झोका घेऊन उठली असतीस."

"कमानी कोणाकडे आहेत?"

त्याने फोन आपटला. मला वाटले, संपले. पण थोड्याच वेळात लोटलेले दार उघडून तो आत आला. पायात चपला नव्हत्या. माझ्याकडे न बघता त्याने माझे दोन्ही हात धरले, जोर लावला, आणि त्याचीच कंबर आखडली. वाकला होता तसाच राहिला. मग हळूहळू जमिनीवर टेकला आणि आडवा झाला.

मी खुर्चीत, तो फरशीवर. आधी अंगठ्यावरून बोललो, मग मामांवरून, मग त्या न्यायाधीशांना मिशा होत्या की नाही यावरून. त्याला बाबांचे शेवटचे दिवस विचारायचे होते. ते विचारायला त्याने दोन तास घेतले. मी सांगितले. तो छताकडे बघत होता, मीही छताकडेच बघत होते. खुर्चीमुळे दुसरे काही दिसतच नाही.

तिन्हीसांजेला भावजय त्याच्या चपला हातात घेऊन शोधत आली. तिने मला पाहिले, त्याला पाहिले. "आधी चहा करू, की आधी उचलू?"

"आधी चहा," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

पुढच्या आठवड्यात धाकट्याने कमानी जुन्या चादरीत गुंडाळून आणल्या. भिंतीच्या ओलीने एक वाकली आहे. सुताराने बसवल्या, पण खुर्ची आता डुलता डुलता सरकते. सकाळी खिडकीपाशी ठेवली तर संध्याकाळी दाराजवळ सापडते. धाकटा म्हणतो, ती त्याच्या घरी निघाली आहे. तो रोज येतो. आम्ही पाळीपाळीने बसतो आणि पाळीवरून रोज भांडतो.

आता ती कोणाला, हा प्रश्न. भाची "सहज" म्हणून टेप घेऊन आली आणि खुर्चीचे माप घेऊन गेली. भाच्याने सुताराला विचारले की स्क्रू कोणत्या नंबरचे आहेत. दोघेही गुणी मुले आहेत. त्यांचा बापही गुणीच होता.

मागच्या गुरुवारी धाकटा डोळे तपासायला गेला होता. भावजय आली, नेहमीप्रमाणे उभ्यानेच गोळ्या लावू लागली. मी म्हटले, "अगं, बस ना."

ती स्टुलाकडे वळली. तेव्हा माझ्या लक्षात आले की खुर्ची आमच्या घरात आल्याला साठ वर्षे झाली, ही आमच्या घरात आल्याला पन्नास होतील, आणि मी हिला खुर्चीत कधी पाहिलेले नाही. मी उठून तिला बसवले. ती कडेला बसली, पावले फरशीवर घट्ट रोवून.

"डुल की."

"सवय नाही हो, ताई."

मी गोळ्या लावायला घेतल्या. जरा वेळाने वळून पाहिले तर पावले सुटली होती, मान कलली होती, तोंड थोडे उघडे. डोळ्यांच्या डॉक्टरकडून धाकटा आला आणि दारातूनच म्हणाला, "आता माझी पाळी आहे." मी ओठांवर बोट ठेवले. तो बायकोकडे बघत राहिला. मग चपला काढून हातात घेतल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

सबब, सदर खुर्ची दोन्ही कमानींसह माझ्या भावजयीची. ती बसलेली असता कोणी तिला उठवू नये, काही मागू नये, आणि कमानींना हात लावू नये. सुताराने त्या आता सरसाने पक्क्या चिकटवल्या आहेत.

मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. धाकट्याला साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार आहे त्याला होता येत नाही असे सांगितल्यावर तो खूश होऊन गेला. त्याने कलम ४ वाचलेले नाही.

साक्षीदार : १. शेजारचे औषध दुकानदार (सही)
२. कमानी बसवणारे सुतार (सही)

लिहून ठेवणार : ताई (सही)

दिनांक : ९ मार्च, दुपार.
ठिकाण : माझे राहते घर, पुढची खोली, स्टुलावर बसून. खुर्चीत भावजय आहे.