चुन्यातला गूळ

घणसोली गाव, तळ्यामागची खोली
दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप राहीआत्यास ज्ञानूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

लिहितो लिहितो म्हणता दिवाळी गेली. तू दिलेलं आंतरदेशीय पत्र घडी करून दाराखाली घातलं होतं (दार हलत होतं, आता हलत नाही). तुझी कंबर कशी आहे? शेळी व्याली का?

इकडं कुलदीपदादाचं लग्न भिंतीवर अडलंय. नवरीचे, उज्ज्वलाचे वडील हौसेराव येत्या रविवारी खोली बघायला येणार. काळ्याकुट्ट खोलीत पोरगी द्यायची नाही, असा त्यांचा निरोप. दादा गूळबाजारात पोती उचलतो, त्याला सवड कुठली? रंगाचे पैसे माझ्या हातात देऊन म्हणाला, "वाचतील ते तुझे." तिथंच चुकलं बघ. डब्यांचे भाव ऐकून मी चुन्याकडं वळलो. उरणकडं स्वस्त मिळतो म्हणून गेलो तो मोऱ्याच्या धक्क्यावर. मुंबईची लाँच सुटत होती म्हणून बसलो. मुंबई बघून परत आलो तर चुना आमच्याच खोलीमागं मिळत होता.

दुकानदार म्हणाला, डिंक घाल, नाहीतर चुना पाठीला लागेल. डिंक महाग. तेव्हा आत्या, तू आठवलीस. पदर खोचलेला, पिंपात चुना रटरटतोय, हातात घायपाताचा कुंचला. तू पिंपात तांबूस खडे टाकायचीस आणि एक माझ्या तोंडात. मग माझ्या नाकाला चुन्याचं बोट. (शेजारचा बापू विहिरीत पडला तेही त्याच साली ना? असो.) तसला पांढरा रंग मला पुन्हा कुठंच दिसला नाही, आणि मी बरीच गावं फिरलोय. माझ्या तोंडातला खडा गोड होता, म्हणजे पिंपातलाही गूळच असणार. दादाच्या बाजारात फुटका गूळ फुकट मिळतो. घातला पोतंभर.

पहिल्या दिवशी भिंत अशी चमकली की मी तिच्यासमोर जेवलो. दुसऱ्या दिवशी भिंत चालायला लागली. मुंग्या, दारापासून आढ्यापर्यंत. घरमालकीण सत्यभामाकाकी येऊन म्हणाली, "ज्ञानू, भितीला परसाद लावलास का र? माजी शेली तुजे भितीपासून हलत नाय." दादानं भिंतीचा वास घेतला, म्हणाला, "गुऱ्हाळावर आल्यागत वाटतंय." मग केरसुणी घेऊन माझ्यामागं लागला. पळता पळता मी सांगितलं, कृती आत्याची.

सर्वांना नमस्कार. शेळीचं कळव.

तुझा ज्ञानू

ता. क. दादा शनिवारी पाटलांच्या दुकानात तुला फोन करणार आहे. विचारलं तर सांग, होय, मी गूळच घालायची. तुझ्यावर तो केरसुणी उचलणार नाही. (खरं सांग, तो डिंक होता काय?)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तर दारात हौसेराव. आठवडाभर आधीच. दादा बाजारात. त्यांनी मुंग्या बघितल्या, शेळी बघितली, भिंतीला बोट लावून चाटलं. मला वाटलं, मोडलं लग्न. तर खाली बसले, भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. म्हणाले, "आमचं गुऱ्हाळ मोडल्यापासनं हा वास नव्हता आला बाबा." सगळी पाठ पांढरी झाली, उठायचं नाव नाही. आता म्हणतायत, सुपारी फोडायच्या आधी आमच्या घरच्या सोप्यालाबी असाच हात मार. तेव्हा आत्या, शनिवारी दादाचा फोन आला तर वरचं काही सांगू नकोस. कृती माझी आहे.