बातम्यांचं माहेरचं नाव

प्रिय लीगाया,

कपाळावर चष्मा ठेवून घरभर तोच शोधणारी बाई तू! तू गेलीयेस, हे तरी लक्षात आहे ना? नाहीतर संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला दार वाजवशील, आणि मी सवयीने उघडीन.

पत्र आजच, कारण काल तुझ्या त्या सरकारी बातम्यांचा वाढदिवस झाला. जुनं काही दाखवतील, त्यात आपणही दिसू, म्हणून वर्षभर वाट बघत होतीस, तोच. मी सांगतेय, सून मानसी लिहितेय. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या इंग्रजीचं मराठी करता करता मानसीचा चहा किती वेळा गार झाला, तेही ठाऊक आहे.

जपानातल्या ओजिमाच्या या इमारतीत आपली दारं समोरासमोर. रोज टॅब्लेट घेऊन यायचीस आणि मनिलाच्या बातम्या लावायचीस. मला शब्द कळायचा नाही, तरी बघायचे. शेवटी वादळाचा नकाशा आला की तू ताठ बसायचीस. तरुणपणी त्या नकाशापुढे तूच उभी राहायचीस ना! मग लोक रस्त्यावर उतरले, सरकार गेलं. नव्यांनी बातम्यांचं नाव बदललं, सूर बदलला, जुने चेहरे घरी पाठवले. तू इथे आलीस, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायला. पुढेही तेच. नवं सरकार, नवं नाव, आणि बातम्यांचं वय पुन्हा एकपासून!

हे ऐकून मी हसत सुटले, तर केवढी रागावलीस! अगं, माझंही तेच झालेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. सगळे वाकून बघतायत, म्हणून मीही बघतेय. शेवटी नणंदेला हळूच विचारलं, "कोण झाले गं मी?"

"सुनंदा," ती म्हणाली. बकुळा तिथेच संपली.

हे तुला सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू मला इथल्या रीतीने मानाचं 'सान' लावून बकुळासान म्हणायला लागलीस. मला न विचारता! पन्नाशीला आलेला माझा मुलगा म्हणतो, "आई, बकुळा कोण?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

काल तुझी खुर्ची रिकामी ठेवून बसले. नावं मला वाचता येत नाहीत, पण तुझ्या हनुवटीवरचा तीळ कुठेही ओळखला असता. त्यांनी केक कापला, जुने चेहरे दाखवले, जुने नकाशे दाखवले. पण त्यांचं जुनं म्हणजे या नावानंतरचं. आधीचं काहीच नाही. जणू पोर सासरीच जन्मली!

"आई, परत लावू का? तुमच्या नजरेतून सुटलं असेल," मानसी म्हणाली. परत बघितलं. नव्हतीस गं.

बरं झालं तू हे बघितलं नाहीस, असं मनात आलं. आणि मग तुझाच राग आला. दवाखान्यात जाताना "बुधवारी येते" म्हणालीस. चष्मा विसरलीस ते ठीक, हेही विसरायचं? आता या अख्ख्या जपानात मला बकुळा म्हणणारं कोण आहे, सांग!

पण एक कबूल करते. बातम्यांचं ते पहिलं नाव तू माझ्याकडून पाठ करून घेतलंस, ते तोंडातून जाऊ देणार नाही. लिहिलेलं पुसतात, माझं कुठे लिहिलेलंय? तुमच्याकडचं वादळ इकडे वळलं की लिफ्टपाशी उभी राहीन, आधी ते नाव घेईन, मग तुझ्यासारखा हात फिरवून येणाऱ्या-जाणाऱ्याला वादळ सांगेन. मराठीत! कळणार नाही त्यांना. मला तरी कुठे कळत होतं?

आणि हो, फुनाबोरीला राहणाऱ्या तुझ्या लेकीच्या स्वप्नात जाशील, तेव्हा तिला सांग, नारळाच्या दुधातला तो तुमचा चिकट भात मला पाठव म्हणावं. गूळ कमी. केळीच्या पानात बांधून दे म्हणावं, प्लास्टिकच्या डब्यात नको. डबा धुवा, प्लास्टिकचा कचरा न्यायच्या वारीच तो टाका, आता तुझ्यासारखी कोण आठवण करून देणार मला!

तुझी,
बकुळासान