दृष्टांतातला गोठा

परभणी, अधिक ज्येष्ठ

आदरणीय माणिकराव दाजींस साष्टांग नमस्कार.

राणीसावरगावी सर्व कुशल असेल, तुमची कंबर सुधारली असेल आणि म्हैस नेहमीप्रमाणे दूध देत असेल, अशी आशा करतो. (म्हशीची चौकशी मी सहसा करत नाही, या वेळी तिला टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.) या पत्रातून मला एवढेच सिद्ध करायचे आहे की, तुमचे गाणे पाथरीपर्यंत पोहोचले यात माझा दोष नाही, आणि म्हणून धोंड्याच्या जेवणाला न येण्याची तुमची शपथ निराधार आहे.

तुमची लेक भक्ती पुण्याला फायरवॉल तयार करणाऱ्या मंडळींत आहे. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या वेशीवरचा राखणदार. त्याची मराठी माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले, कारण मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. माझ्या वाट्याचे प्रकरण असे: वेशीवर पाहुणा येतो, राखणदार त्याच्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसरा लिहितो, पाहुणा त्या दुसऱ्याच घरी पोहोचतो आणि त्याला मात्र वाटते, आपण विचारले तिथेच आलो. उदाहरणासाठी भक्तीने एक काल्पनिक पत्ता दिला होता. तो मी नाकारला. दृष्टांत वादी-प्रतिवादी दोघांच्याही परिचयाचा हवा. नसलेला पत्ता म्हणजे आकाशातले फूल. म्हणून मी खरा पत्ता घातला, तुमच्या गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा. (तो भक्तीनेच बसवला, म्हैस व्यायला झाली तर तुम्हाला शेतातून मोबाइलवर दिसावी म्हणून. पासवर्ड मात्र "ध्यानात राहत न्हाई" म्हणून तुम्हीच काढायला लावलात. हा मुद्दा मी माझ्या बाजूने मांडणार होतो. लाज वाटली, म्हणून कंसात ठेवला.)

भक्ती म्हणाली, "मामा, लोकं वाचत न्हाईत, हाय तसं उतरवून घेतेत." मी म्हणालो, ज्याला वाचता येते तो विचारही करतो. पाथरीच्या सुग्रीव बियाणेवाल्याने माझे हे विधान खोडून काढले. त्याने दुकानाच्या संकेतस्थळावरच्या राखणदाराला पुस्तिकेतला माझा नियम, पत्त्यासकट, अक्षरशः उतरवून दिला, आणि सोयाबीनच्या बियाण्याचा भाव पाहू गेलेल्या प्रत्येकाला तुम्ही दिसू लागलात: धार काढताना, म्हशीला "सोनाई गं माझी" म्हणताना आणि गाताना. बाजारात लोकांनी विचारले, "काका, काल दुसरं कडवं का सोडलं?" घरी पार्वतीने विचारले, "म्हशीला सोनाई, अन् मला जल्मभर 'अगं ए'?" (ती माझी धाकटी बहीण आहे, तरीही तिचा प्रश्न न्याय्य आहे.)

आता दोष कोणाचा? नियमाचा नाही, त्याने सांगितले तेच केले. सुग्रीवचा नाही, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि विश्वासाला दोष म्हणता येत नाही. म्हशीचा तर नाहीच. उरलेला पक्ष कोण, हे मी वर्गात असतो तर मुलांकडून वदवून घेतले असते. इथे माझ्यापुढे मुले नाहीत, आणि 'माझा दोष नाही' ही माझी प्रतिज्ञा मात्र पडली आहे.

आपला,
आबासाहेब

ता.क. पुस्तिकेतले पान दुरुस्त केले. पण ज्यांनी उतरवले त्यांच्याकडे जुनेच आहे. भक्ती रविवारी तुमच्याकडे येते आहे. तिला कॅमेऱ्याचा पत्ता बदलू द्यावा, पासवर्डही ठेवू द्यावा.

ता.क. दुसरा. सूनबाईने अनारशांचे पीठ करून ठेवले आहे. जावई रुसला तर ते कोणाला वाढावेत, यावर शास्त्र मौन आहे.

ता.क. तिसरा, जो खरे तर पहिला हवा होता. भक्तीने विचारले, "मामा, तुम्हाला तो पत्ता पाठ कसा?" तिला मी उत्तर दिले नाही, तुम्हाला देतो. कॅमेरा बसल्यापासून मी रोज संध्याकाळी इथे बसून तुमचे गाणे ऐकत आलो. लग्नापासून तुम्हाला चारचौघांत बेसूर म्हणणारा तो मीच. कॅमेऱ्यातून आवाजही जातो हे तुम्हाला ठाऊक नव्हते, मला होते. सांगितले असते तर तुम्ही गाणे थांबवले असते, म्हणून सांगितले नाही. एवढी चूक मला मान्य आहे.

सही : आबासाहेब