सम्राट ओर्गुलच्या मिरच्या

रुसे, ९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप रायना मावशीस,

रुसेहून तुझ्या स्विलेनचा दंडवत. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुझे गुडघे, रक्तदाब आणि डावा कान यांची सविस्तर खुशाली कळवावी. वार्नाचं समुद्रावरचं वारं तुला मानवत असेलच. (जेवण झालं नसेल तर आधी जेवून घे. मग खुर्चीत नीट बस. मग पुढचं वाच.)

आमचं मंडळ तुला ठाऊक आहेच. ‘कृष्णकक्षा’ या अमेरिकन अवकाशपटांचे आम्ही एकोणचाळीस भक्त, आणि अध्यक्ष मी, कारण ट्रॉलीबसची सकाळची पाळी संपली की माझी दुपार मोकळी असते. गेल्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आमची सभा होती आणि तिला सोफियाहून झोर्नित्सा नावाची एक मुलगी आली होती. ती चित्रपट आणणाऱ्या कंपनीत कामाला आहे. तिचं म्हणणं असं, की या मालिकेचे सातही भाग अमेरिकेत धो धो चालले आणि अमेरिकेबाहेर सपशेल पडले. सोफियात सातवा भाग अकरा जणांनी पाहिला, त्यातले चौघे नुसते थंडीचे आत शिरले होते. त्यामुळे आठवा भाग बल्गेरियात आणायचाच नाही असं कंपनीच्या मनात आहे. पण एकट्या रुसे गावात लोक या मालिकेसाठी जीव टाकतात, ते का, एवढं विचारायला ती आली होती. आमच्या उत्तरावर आठव्या भागाचं भवितव्य होतं म्हण ना.

असं काही विचारलं की आपल्या गावाला कंठ फुटतो. दातांचा डॉक्टर ओग्न्यान आधी उठला. म्हणाला, “अमेरिकन माणसाला सम्राट बघायला तिकीट काढावं लागतं, बाई. आपल्याला ते घरबसल्या मिळत होते. परत पैसे कोण देणार?” यावर पोस्टातल्या मिनाबाई म्हणाल्या की दोष सम्राटाचा नाही, नायकाचा आहे, त्याचे दात फार पांढरे आहेत आणि असल्या माणसावर आपल्याकडे कुणी पाव किलो चीजसुद्धा उधार देत नाही. हे ओग्न्यानने मनाला लावून घेतलं आणि दातांवर वीस मिनिटं गेली. शेवटी मी अध्यक्षाच्या अधिकारात माझा सिद्धांत मांडला. नायक काय, कुठलाही चालतो, तो उकडलेल्या बटाट्यासारखा जगभर सारखाच लागतो. खलनायक मात्र घरचा लागतो. जो नुसता ओरडतो, त्याला आपण बाहेर येऊन कोट चढवेपर्यंत विसरतो. लक्षात राहतो तो, ज्याचा आपल्यामुळे हिरमोड झालाय. आमचा सम्राट ओर्गुल शत्रूवर कधी चिडत नाही, त्याला शत्रूकडून जास्त अपेक्षा होत्या. बंडखोर त्याच्या महालात घुसतात तेव्हा तो काय म्हणतो, हे मी पाहुण्या मुलीला ऐकवायला सांगितलं, आणि अख्खा हॉल उभा राहून एका सुरात म्हणाला, “आधी पाय पुसा, मग मरणाचं बघू.”

(हे वाक्य ओग्न्यानच्या दवाखान्यात खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. पेशंट धीर धरतात म्हणे.)

झोर्नित्सा गोंधळली. म्हणाली, “हे वाक्य सिनेमात नाहीये.” आम्ही हसलो. तिने लॅपटॉप उघडून मूळ सिनेमा लावला. मावशी, तो ओर्गुल मूळ इंग्रजीत एवढंच म्हणतो, “मारा त्यांना.” बस. दुसऱ्या भागातलं त्याचं ते सुंदर भाषण, ‘एवढी मोठी फौज आणि एकालाही वहीवर समास आखता येत नाही’, तेही नाही. तिथे तो नुसता खिडकीतून बघतो. आणि चौथ्या भागात ऐन लढाईत तो सेनापतीला गुप्त आज्ञा देतो, ‘मिरच्या उलट्या कर, करपतायत’, ज्यावर आम्ही गेली तीस वर्षं भांडत आलोय, कारण मिनाबाईंच्या मते मिरच्या म्हणजे ग्रह आणि माझ्या मते मिरच्या म्हणजे गद्दार (मी त्यावर मंडळाच्या अंकात चौदा पानं लिहिली आहेत), त्या जागी मूळ सिनेमात एक स्फोट आहे.

हॉलमधले सगळे एकेक करून खुर्च्यांत मटकन बसले.

मला अर्थातच सगळं माहीत होतं. तेव्हा गावातला केबलवाला हे सिनेमे टीव्हीवर दाखवायचा आणि त्यांना बल्गेरियन आवाज तू द्यायचीस. त्याचा अँटेना तुझ्या गच्चीवर, म्हणून मायक्रोफोन तुझ्या स्वयंपाकघरात. आणि हातात कागद नाही, कानात इंग्रजी, नायक-राजकन्या-यंत्रमानव-सम्राट सगळे तुझ्याच आवाजात. शाळेने तुला सांगितलं होतं, रशियन पुरे, उद्यापासून इंग्रजी शिकवा, आणि तू मुलांच्या एकच धडा पुढे होतीस. जे कळलं ते तू सांगितलंस, जे नाही कळलं तिथे सहावी ब ला जे सांगायचीस ते सांगितलंस, आणि मधूनमधून बाल्कनीत मिरच्या भाजणाऱ्या गान्चो काकांना हाक मारलीस. ‘हे बाहेर कळलं तर इंग्रजीची बाई म्हणून तोंड दाखवायला जागा नाही उरायची,’ असं म्हणून तू मला शपथ घातली होतीस. ती मी तीस वर्षं पाळली.

ओग्न्यान लालबुंद झाला होता. टेबलावर हात आपटून म्हणाला, “तो आवाज कुणाचा होता, अध्यक्ष? नाव हवंय मला.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, माहीत नाही. तो म्हणाला, “नीट आठव.” मी म्हणालो, कुणी तरी बाई होत्या. तो म्हणाला, “मग शोधू या त्यांना.” तेव्हा मावशी, तुझी अब्रू राखण्याच्या एकमेव हेतूने माझ्या तोंडून निघून गेलं की शोधून उपयोग नाही, त्या बाई मागेच वारल्या.

मला वाटलं, विषय संपला. पण मिनाबाईंनी नाव विचारलं. मेलेल्या माणसाचं नाव लपवायचं कारण मला पटकन सुचेना, आणि मी ते सांगितलं. त्यावर एकजण म्हणाला, “रायनाबाई? अरे, त्यांनी मला दोनदा नापास केलं,” आणि रडायला लागला. मग मिनाबाईंनी घरून जुनी कॅसेट आणली. चौथा भाग लावला. मिरच्यांचं वाक्य आलं आणि पाठोपाठ, आम्ही आजवर ज्याला अवकाशातला गडगडाट समजत होतो, तो गान्चो काकांचा खोकला आला. झोर्नित्सा हसता हसता खुर्चीवरून घसरली. डोळे पुसत म्हणाली, “मूळ सिनेमापेक्षा हा कितीतरी चांगला आहे.” मग सगळे उभे राहिले, एक मिनिट तुझ्यासाठी. मीही राहिलो. तू जिवंत आहेस हे माहीत असूनही मी रुमाल काढला. इतक्या माणसांना तू आवडतेस, हे तुला कधी कुणी सांगितलंच नाही, असं वाटलं.

इथवर ठीक होतं. पण सोमवारी मी गाडी घेऊन डेपोतून निघालो तर पहिल्या थांब्यावरच्या खांबावर काळ्या चौकटीत तुझा फोटो. दुसऱ्या थांब्यावर तोच. ओग्न्यानने निधनपत्रिका छापून गावभर चिकटवल्या होत्या, वाचनालयापासून तुझ्या जुन्या इमारतीच्या दारापर्यंत: ‘सम्राट ओर्गुलच्या आवाजास, कृतज्ञ साम्राज्याकडून.’ मी जमेल तिथे गाडी थांबवून फाडल्या. एका ठिकाणी एक म्हातारबुवा टोपी काढून उभे होते, तिथे फाडवेना. गाडी सव्वीस मिनिटं उशिरा पोचली आणि मला ताकीद मिळाली.

तेव्हा तुझ्या जुन्या शेजारणीचा फोन आला आणि ती रडत असली, तर घाबरू नकोस, तू बरी आहेस. तुझ्या लेकीला, लिलीताईला, नमस्कार.

तुझा,
स्विलेन

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. झोर्नित्साने कंपनीला तयार केलं आहे. आठवा भाग येतोय, पण फक्त रुसेत, एकच खेळ, आणि एका अटीवर: ओर्गुलला जुना आवाज हवा. त्यांना वाटतंय मी जुन्या कॅसेटींवरून काहीतरी जुळवीन. मी होकार देऊन बसलोय. शनिवारी १९ तारखेला तू यावंस. करारावर तुझी सहीही करून टाकली आहे. तिच्यावरची तारीख तुझ्या निधनानंतरची आहे, पण अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ता. क. २. पाकीट बंद करत होतो एवढ्यात ओग्न्यान आला. तो सहावी ब मधला आहे, मावशी. तुझा आवाज त्याने पहिल्याच भागात ओळखला होता, आणि तू वार्नाला असतेस हेही त्याला ठाऊक होतं. सभेत मी छाती काढून तुझं नाव घ्यावं म्हणून तो मला डिवचत होता, आणि मी तुला मारून टाकलं. म्हणून त्याने पत्रिका लावल्या. म्हणतो, “पत्र काय लिहितोस? स्वतःची निधनपत्रिका लागल्याचं कळल्यावर रायनाबाई वार्नात बसून राहतील? निघाल्याही असतील.” त्याने तुझ्या जुन्या शेजारणीला परवाच फोन करायला लावला होता. तेव्हा हे पत्र आता टाकत नाही, स्टेशनवर तुझ्या हातातच देतो. पाया पडतो, एवढं वाचून होईपर्यंत मला काही बोलू नकोस.