वाळूतले पाय

शहागड, १० ऑक्टोबर १९९५

चि. शिवकन्या हीस आबाचे अनेक आशीर्वाद.

मास्तरीण झाल्यापासून तू माझ्या पत्रात चुका काढतेस, म्हणून जपून लिहितो. तुझ्या भावाची, शिवाजीची लेक वसंता तीन वर्षांची झाली. तुझ्यासारखीच टाच उचलून पाय ओढते. येत्या २४ तारखेला सकाळी सूर्यग्रहण आहे. तुझी आई म्हणते, शिवकन्येला ग्रहणात नदीच्या वाळूत छातीपर्यंत पुरलं आणि ती चालायला लागली, मंग नातीला का न्हाई? गावही तुझंच उदाहरण देतो. तुला बराबर गुण आला ना, जल्दी कळव.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा, रामकिसन

जालना, १४ ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप आबांस शि. सा. न. वि. वि.

या वेळी एकच चूक काढते, पण मोठी आहे. मला वाळूनं गुण आला नाही. मी चालायला शिकले ती शेतात. रिकाम्या वरंब्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकला की ते एकमेकांत अडकत नसत. चार वर्षं पडत, उठत शिकले. अजूनही उठताना डाव्या टाचेला मनात सांगते, टेक. मग पाऊल टाकते. वाळूचं कौतुक चालायचं तेव्हा मी गप्प बसले, ती माझी चूक.

मला वाळूत पुरलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईबापानं बघायचं नसतं म्हणून तुम्ही निघून गेलात. ऊन विचित्र पिवळं पडलं, पाखरं गप्प झाली. मी तुम्हाला हाका मारत राहिले. आजही वर्गात कुणी बाक आपटला की पाय ताठतात आणि भोवती तीच गार वाळू लागते. मला फार भीती वाटते, आबा. वसंताला पुरू नका.

राग आला तरी मला अंतर देऊ नका.

आपली शिवकन्या

शहागड, २५ ऑक्टोबर १९९५

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

वसंताला पुरलं नाही. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं होतं, पण तिला ते बिलकुल पटलं न्हाई. काल खड्डा तयार होता, वसंता तिच्या कडेवर रडून राह्यली होती. मीच खड्ड्यात उतरलो आणि वाळू अंगावर ओढून घेतली. लोक हसले, मंग हसायचे थांबले. ग्रहण सुटेपर्यंत मी उठलो नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या वेळी मी निघून गेलो नव्हतो. बाभळीमागं बसलो होतो. कान दाबले तरी तुझ्या सगळ्या हाका ऐकू आल्या. पंधरा वर्षं रोज ऐकतो आहे. वाळू किती गार असते, ते मात्र काल कळलं.

एक वरंबा मोकळा ठेवला आहे. सुट्टीत ये आणि वसंताला टाच टेकायला शिकव. सकाळपासून चुलीपाशी बसलो आहे, तरी पाय तापत नाहीत.

जमलं तर माया ठेव.

आबा